नम्रता, स्पर्धा आणि जुने चिनी गुरू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिन्यातून एकदा आम्ही दहा-बाराजण जमून जुने चिनी ग्रंथ वाचतो. निम्मे शिक्षक, निम्मे पालक. सुरुवात कन्फ्यूशियसपासून होते आणि तासाभरात गाडी मुलांच्या मार्कांवर येऊन थांबते. तिथे पुन्हा पुन्हा निघालेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं माझी आहेत, गटातल्या सगळ्यांना ती पटलेली आहेत असं नाही.

कन्फ्यूशियसचा स्पर्धेला विरोध होता का?

तसा समज आहे खरा. 'लुन-यु' या त्याच्या संवादसंग्रहात 'सज्जन माणूस कशासाठीही चढाओढ करत नाही' असं वाक्य आहे आणि बहुतेक जण तिथेच पुस्तक मिटतात. पुढचं वाक्य जास्त मजेशीर आहे : करायचीच असेल तर धनुर्विद्येत करावी. वाकून नमस्कार करावा, 'आधी आपण' म्हणत वर चढावं, खाली उतरून पेला प्यावा. 'ही त्याची चढाओढसुद्धा सज्जनाची.'

हा प्रसंग नीट डोळ्यांसमोर आणा. धनुर्धर जोडीजोडीने पुढे येतात. पायऱ्यांपाशी थांबून एकमेकांना नमस्कार करतात, वर जातात, बाण सोडतात, तसेच नमस्कार करत उतरतात. सगळ्यांचं झालं की मोजणी होते. मग जिंकलेल्यांनी एक बाही उतरवून, दोरी चढवलेलं धनुष्य हातात घेऊन उभं राहायचं. हरलेल्यांनी बाही चढवायची, धनुष्याची दोरी उतरवायची आणि पेला प्यायचा. 'यी-ली' या विधिग्रंथात हा सगळा तपशील आहे. कोण जिंकलं, कोण हरलं हे कुणी लपवत नाही. हल्ली शाळेच्या गॅदरिंगला प्रत्येक मुलाच्या गळ्यात एकेक मेडल घालतात, तो प्रकार इथे नाही.

पण त्या पेल्याचा अर्थ काय लावलाय ते बघा. 'ली-ची' हा दुसरा विधिग्रंथ म्हणतो की मद्य हे म्हाताऱ्यांच्या आणि आजाऱ्यांच्या पोषणासाठी असतं. नेम लागावा म्हणून धडपडायचं ते एवढ्याचसाठी, की आपलं पोषण करायची वेळ दुसऱ्यावर येऊ नये. म्हणजे हरलेल्याच्या हातात जातं ते औषध. जिंकलेला त्याला हिणवू शकत नाही, कारण आजाऱ्याला कोण हिणवतं?

आणि बाण चुकला तर?

कन्फ्यूशियसच्याच परंपरेतला नंतरचा विचारवंत मेन्सियस याने याचं उत्तर दिलंय : धनुर्धर आधी स्वतःला सरळ करतो, मग बाण सोडतो. नेम चुकला तर आपल्यावर मात करणाऱ्याचा राग धरत नाही, कारण स्वतःत शोधतो. त्याच परंपरेतल्या 'चुंग-युंग' या ग्रंथातही जवळजवळ हेच आहे.

माझ्या मते कन्फ्यूशियसच्या परंपरेतली नम्रता एवढीच आहे : बाण चुकल्यावर नजर कुठे जाते? शेजाऱ्याच्या लक्ष्याकडे, वाऱ्याकडे, पंचांकडे, की स्वतःच्या कोपराकडे? 'पेपरच अवघड काढला होता', 'तिचे बाबा त्याच कॉलेजात आहेत', 'सुपरवायझर सारखा फेऱ्या मारत होता' ही सगळी वाऱ्याकडे बघणारी वाक्यं. ती कधीकधी खरीही असतात. पण त्यांतून पुढचा बाण सुधारत नाही.

२००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मानसशास्त्रीय संशोधनात जपानी आणि उत्तर अमेरिकी विद्यार्थ्यांना कोडी दिली होती. अमेरिकी-कॅनडियन मुलं जिथे यश मिळालं त्या कामाला जास्त वेळ चिकटून राहिली, जपानी मुलं जिथे अपयश आलं तिथे. एका प्रयोगावरून सगळ्या पूर्वेचं भविष्य सांगू नये, पण मेन्सियसचा धनुर्धर आठवल्याशिवाय राहत नाही.

मग नम्रता म्हणजे स्वतःला कमी लेखणंच ना?

चिनी शिष्टाचारात ते भरपूर आहे. स्तुती केली की 'नाली, नाली' म्हणायचं, म्हणजे 'कुठे, कुठे!' आपल्या 'छे हो, कसलं काय'सारखंच. जुन्या पद्धतीत स्वतःच्या मुलाची ओळख करून देताना 'माझं हे कुत्र्याचं पोर' अशा अर्थाचा शब्द वापरत. पोरगा परीक्षेत पहिला आलेला असला तरी.

कन्फ्यूशियस स्वतः मात्र असलं काही करताना दिसत नाही. तो म्हणतो, दहा घरांच्या वस्तीतही माझ्याइतका प्रामाणिक, विश्वासू माणूस सापडेल, पण माझ्याइतकी शिकण्याची हौस असलेला सापडणार नाही. याला कुणी विनय म्हणेल? पण नीट पाहिलं तर त्याने बढाई मारली ती हौसेची, ज्ञानाची नाही. आणि माणुसकीचा प्रश्न आला की गुरूलाही मागे सारा, असंही तो बजावतो. 'सर म्हणाले म्हणून' ही सबब त्याच्याकडे चालली नसती.

मला यातला सगळ्यात आवडतो तो मंग झ-फानचा किस्सा. सैन्य पराभूत होऊन पळत होतं आणि हा शेवटी राहून पिछाडी सांभाळत होता. ते सगळ्यात धोक्याचं काम. शहराची वेस जवळ आल्यावर त्याने घोड्याला चाबूक मारला आणि म्हणाला, 'मागे राहायचं धाडस मी केलं नाही हो, हे घोडंच पुढे जाईना.' कन्फ्यूशियसने त्याचं कौतुक केलं. काम चोख झालं होतं, श्रेय तेवढं घोड्याच्या नावावर टाकलं. कामच केलेलं नसताना असं बोलणं म्हणजे नुसती घोड्याची बदनामी.

मुलांची एकमेकांशी तुलना करावी का?

झीगोंग हा कन्फ्यूशियसचा हुशार, बोलका, व्यापारात मुरलेला शिष्य. लोकांची तुलना करायची त्याला खोड होती. कन्फ्यूशियस त्याला म्हणाला, 'तू इतका थोर झालास वाटतं? मला तर एवढा वेळ नसतो बुवा.'

गंमत म्हणजे गुरूनेच एकदा त्याला यान हुई या दुसऱ्या शिष्याबद्दल विचारलं होतं, 'तू आणि यान हुई, दोघांत सरस कोण?' झीगोंग म्हणाला, 'यान हुई एक ऐकतो आणि दहा जाणतो. मी एक ऐकतो आणि दोन जाणतो.' गुरू म्हणाले, 'खरंय, तू त्याच्या तोडीचा नाहीस. मी आणि तू, आपण दोघंही नाही.' मूळ चिनी वाक्याचा 'तू त्याच्या तोडीचा नाहीस हे मला मान्य' असाही अर्थ लागतो आणि टीकाकार त्यावर शतकानुशतकं भांडत आले आहेत. मी पहिला अर्थ घेते. तुलना केलीच, तर गुरू स्वतः त्यात उतरतो आणि हरलेल्याच्या बाजूला जाऊन उभा राहतो. शिक्षक-पालक सभेत असं वाक्य मी अजून ऐकलेलं नाही.

ताओवादी यात वेगळं काय सांगतात?

ताओवादी म्हणजे सृष्टीच्या चालीने जगा म्हणणारा दुसरा जुना चिनी पंथ. कन्फ्यूशियस बाण सुटल्यानंतरचं बोलतो, ताओवादी बाण सुटण्याआधीचं.

लाओ त्सू या गुरूच्या नावावरच्या 'ताओ ते चिंग' या ग्रंथात पाण्याची उपमा आहे : सगळ्यांचं भलं करतं, कुणाशी भांडत नाही, लोकांना नको असलेल्या खोलगट जागी जाऊन राहतं. नद्या आणि समुद्र शेकडो ओढ्यांचे राजे का? तर ते खाली असतात म्हणून. लाओ त्सूची तीन रत्नं सांगितली आहेत : माया, काटकसर आणि जगात पहिलं होण्याचं धाडस न करणं. हे तिसरं रत्न कुठल्याही क्लासच्या जाहिरातीत बसणार नाही.

पण परीक्षेला बसणाऱ्या मुलांच्या आईबापांनी वाचावा तो च्वांग त्सू हा दुसरा ताओवादी गुरू. त्याच्या ग्रंथाच्या एकोणिसाव्या प्रकरणात एक निरीक्षण आहे. कौलाचा तुकडा पणाला लावून खेळणारा सफाईने खेळतो. पट्ट्याचा धातूचा आकडा पणाला लावला की हात कचरतो. सोनं लावलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. माणूस तोच, कौशल्य तेच. मन बाहेरच्या वस्तूकडे गेलं की आतून जड होतं. (हे वाक्य च्वांग त्सूने चक्क कन्फ्यूशियसच्या तोंडी घातलंय. दोन पंथांचं भांडण आपण समजतो तेवढं सरळ नाही.)

माझ्याकडे गणिताला येणारा एक मुलगा सराव परीक्षेत कधी नव्वदच्या खाली आला नाही. बोर्डाच्या आदल्या रात्री घरी सत्यनारायण, सकाळी दही-साखर, दारात सगळी सोसायटी. पेपरात त्याने पहिल्याच प्रश्नात सात गुणिले आठ चोपन्न लिहिले. त्याला गणित येत नव्हतं असं नाही. कौलाच्या जागी सोनं ठेवलं होतं आणि ठेवणारे आम्ही सगळे होतो, मीसुद्धा.

लिए-त्सू या आणखी एका ताओवाद्याची गोष्ट याच जातीची. तो बाण मारायचा तेव्हा कोपरावर पाण्याचा पेला ठेवायचा. बाणामागून बाण सुटायचे, पेला हलायचा नाही. त्याचा जाणकार मित्र म्हणाला, ठीक आहे, आता चल. त्याला उंच कड्यावर नेलं, स्वतः दरीकडे पाठ करून उलट्या पावलांनी कडेला गेला, टाचा हवेत, आणि म्हणाला, 'ये, इथून मार.' लिए-त्सू जमिनीवर पालथा पडला. घाम टाचांपर्यंत आला होता.

झुंजीच्या कोंबड्याची गोष्ट ती हीच का?

ती वेगळी, पण त्याच एकोणिसाव्या प्रकरणातली. राजासाठी एकजण झुंजीचा कोंबडा तयार करत होता. दहा दिवसांनी राजाने विचारलं, झाला का तयार? 'नाही, अजून उगाच मिजास करतो.' आणखी दहा दिवस. 'नाही, आवाज आला, सावली हलली की चवताळतो.' आणखी दहा. 'नाही, अजून डोळे वटारतो, अंगात रग आहे.' चाळिसाव्या दिवशी : 'झाला म्हणायला हरकत नाही. दुसरा कोंबडा आरवला तरी याच्यात काही फरक पडत नाही. लाकडाचा वाटतो.' त्याला बघूनच बाकीचे कोंबडे पळाले.

आजच्या चिनी भाषेत 'लाकडी कोंबड्यासारखा' म्हणजे भीतीने गोठलेला, बावळट. शब्दप्रयोग तोच, अर्थ पार उलटा झाला.

न भांडता जिंकणं ही छुपी स्पर्धाच नाही का?

प्रश्न रास्त आहे. लाओ त्सूचंच वाक्य आहे की तो कुणाशी चढाओढ करत नाही, म्हणून जगात कुणी त्याच्याशी चढाओढ करू शकत नाही. याला डावपेच म्हणून वाचणारे पहिल्यापासून होते. कठोर कायद्याचा पुरस्कर्ता हान फेइ याच्या नावावरच्या ग्रंथात 'ताओ ते चिंग'वरची दोन प्रकरणं आहेत आणि तिथे लाओ त्सू बराचसा सत्ताधाऱ्यांचा सल्लागार वाटतो. 'ताओ ते चिंग'च्या तिसऱ्या अध्यायातलं 'गुणवंतांना डोक्यावर घेऊ नका, म्हणजे लोक भांडणार नाहीत' हे वाक्य शाळेच्या फलकावर लिहिण्याआधी पुढचंही वाचावं : शहाणा राजा लोकांची मनं रिकामी ठेवतो आणि पोटं भरतो. मुख्याध्यापकांनी याचा काय अर्थ घ्यावा, मला सांगता येत नाही.

महापुरात झाडं जातात, लव्हाळी वाचतात, हे आपले तुकोबाही म्हणाले. सारखंच ना?

चित्र सारखं आहे. लाओ त्सूही म्हणतो की जिवंत रोप लवचीक असतं, मेलेलं ताठ होतं. पण तुकोबा लहानपण देवाकडे मागतात. लाओ त्सूकडे मागायला कुणी नाही, ते सृष्टीच्या चालीतच आहे.

इतकी नम्रता शिकवणाऱ्या देशात इतक्या जीवघेण्या परीक्षा कशा आल्या?

नानजिंगला छिनह्वाय नदीच्या काठी कन्फ्यूशियसचं मंदिर आहे आणि त्याला लागूनच जुनं परीक्षागृह. तिथे आता संग्रहालय झालंय. भरभराटीच्या काळात त्या परीक्षागृहात वीस हजारांहून जास्त कोठड्या होत्या. कोठडी म्हणजे तीन भिंती, पुढची बाजू उघडी, आत दोन फळ्या. दिवसा एक फळी बसायला, एक लिहायला. रात्री दोन्ही एका पातळीवर आणल्या की झोपायला. मिंग आणि छिंग राजवटींच्या काळात (चौदावं ते विसावं शतक) प्रांतिक परीक्षेच्या तीन फेऱ्या असत आणि प्रत्येक फेरीला उमेदवार आत कोंडलेला. जेवण, शाई, अंथरूण सगळं बरोबर न्यायचं. पाऊस आला की उत्तरपत्रिका वाचवायची.

ही सरकारी परीक्षापद्धत सुई राजवटीत, सातव्या शतकाच्या सुरुवातीला रुजली आणि १९०५ साली बंद झाली. तेराशे वर्षं. नंतरच्या सुंग राजवटीत उमेदवाराचं नाव कागद चिकटवून झाकत आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कारकुनांकडून उत्तरपत्रिकेची नक्कल करून घेत. घराणं बघून नेमणुका करण्यापेक्षा हे कितीतरी न्याय्य होतं आणि कन्फ्यूशियसच्या विचाराशी सुसंगतही. शिकवताना तो वर्ग बघत नसे.

विरोधाभास अभ्यासक्रमात होता. चौदाव्या शतकापासून झू शी या विद्वानाच्या भाष्यासह 'चार ग्रंथ' परीक्षेला लागले. त्यांतलाच एक 'लुन-यु'. आणि त्यात वाक्य आहे : 'पूर्वीचे लोक स्वतःसाठी शिकत, आताचे दुसऱ्यांना दाखवण्यासाठी शिकतात.' आता विचार करा, कोठडीत बसलेला उमेदवार. घरच्यांनी शेत गहाण टाकलेलं. दाखवण्यासाठी शिकू नये, हेही त्याला पाठ करून, परीक्षकाला दाखवण्यासाठी, सुबक अक्षरात लिहायचं. झू शी स्वतः १९व्या वर्षी सर्वोच्च परीक्षा उत्तीर्ण झाला होता आणि परीक्षेसाठीच्या अभ्यासावर आयुष्यभर वैतागलेला होता.

याचा आपल्या स्पर्धा परीक्षांशी काही संबंध आहे का?

आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये वशिल्याऐवजी परीक्षेने अधिकारी निवडायचे की नाही यावर वाद झाला, तेव्हा समर्थक आणि टीकाकार दोघांनीही चीनचं उदाहरण दिलं. १८५५ साली लंडनमध्ये भारतातल्या सनदी नोकऱ्यांसाठी पहिली खुली परीक्षा झाली. त्याच वाटेवर पुढे आयसीएस, यूपीएससी आणि आपली एमपीएससी. पुण्यात सदाशिव पेठेतल्या कॉट बेसिसच्या खोलीत बसलेल्या मुलाचा त्या नानजिंगच्या कोठडीशी नातेसंबंध आहे, लांबचा पण खरा.

आज चिनी शाळांमध्ये नम्रता शिकवतात का?

भिंतीवर तर असतेच. 'विनयाने माणूस पुढे जातो, गर्वाने मागे पडतो' हे माओचं १९५६च्या भाषणातलं वाक्य तिथल्या पिढ्यांनी वर्गात वाचलंय. त्याच भिंतीवर गाओकाओला किती दिवस उरले त्याचा आकडा.

गाओकाओ म्हणजे विद्यापीठ प्रवेशाची राष्ट्रीय परीक्षा, दर वर्षी ७ जूनला सुरू होते. सांस्कृतिक क्रांतीत ती बंद पडली होती. १९७७च्या हिवाळ्यात पुन्हा सुरू झाली तेव्हा सुमारे ५७ लाख लोक बसले आणि पावणेतीन लाखांच्या आसपास जणांना प्रवेश मिळाला. २०२४ साली नोंदणी होती १ कोटी ३४ लाख. पहिल्या आलेल्याला लोक अजूनही 'च्वांगयुआन' म्हणतात, हा जुन्या राजपरीक्षेतला शब्द. शिक्षण मंत्रालय वर्षानुवर्षं सांगतंय की या पहिल्या आलेल्यांचा गाजावाजा करू नका. आपल्याकडे बोर्डाने गुणवत्ता यादी बंद केली आणि क्लासवाल्यांनी ती चौकातल्या फ्लेक्सवर सुरू ठेवली. तिथेही असंच काहीसं.

जुलै २०२१मध्ये सरकारने 'दुहेरी कपात' आणली : गृहपाठ कमी आणि शालेय विषयांच्या नफेखोर शिकवण्यांवर बंदी. पहिली-दुसरीला लेखी गृहपाठ नाही, लेखी परीक्षाही नाही. मोठमोठ्या क्लास कंपन्या कोसळल्या. पण वरची गाओकाओ होती तशीच राहिली. त्यामुळे ज्यांना परवडतं त्यांनी गुपचूप घरी शिक्षक बोलावायला सुरुवात केली. पाणी वाट काढतंच, पण लाओ त्सूला हे पाणी अभिप्रेत नसावं.

'थांग-पिंग' करणारी मुलं ताओवादी म्हणायची का?

थांग-पिंग म्हणजे सपाट पडून राहणं. हा शब्द २०२१मध्ये गाजला. त्याच्या आदल्या वर्षी 'नेइ-च्वान' गाजला होता, म्हणजे आतल्या आत गुंडाळत जाणं : सगळेच जास्त राबतात आणि कुणीच पुढे जात नाही. थिएटरात पुढचा उभा राहिला की मागच्या सगळ्यांना उभं राहावं लागतं, सिनेमा तेवढाच दिसतो, तसं.

च्वांग त्सूच्या ग्रंथात सुताराने निरुपयोगी म्हणून सोडलेलं एक प्रचंड झाड आहे. निरुपयोगी, म्हणूनच ते तेवढं वाढलं. थांग-पिंगवाल्यांना हे झाड जवळचं वाटतं. मला मात्र वाटतं की झाड मजेत वाढत होतं आणि ही मुलं दमून पडली आहेत. विश्रांती आणि वू-वेई, म्हणजे ताओवाद्यांचं ओढाताण न करता सहज काम होऊ देणं, यांत फरक आहे. च्वांग त्सूचा खाटीक एकोणीस वर्षं एकच सुरी वापरतो आणि ती बोथट होत नाही. तो काम सोडून झोपलेला नाही.

क्रमांक बंद केले तर मुलं ढिली पडतील, नाही का?

सिंगापूरने हा धोका पत्करला. २०१९पासून प्रगतिपुस्तकावर वर्गातला क्रमांक छापणं बंद केलं, पहिली-दुसरीच्या परीक्षाही काढून टाकल्या. तिथे 'कियासू' हा शब्द रोजच्या बोलण्यात आहे, हरायची भीती असा त्याचा अर्थ, आणि तिथले मराठी आईबापही तो सहज वापरतात. त्यानंतर २०२२च्या पिसा या शाळकरी मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत सिंगापूर गणित, वाचन, विज्ञान तिन्हींत पहिलं आलं. क्रमांक काढल्यामुळे आलं असं मी म्हणत नाही, त्या मुलांनी आधीची पद्धतही भोगली होती. पण आभाळ कोसळलं नाही एवढं नक्की.

माझा स्वतःचा आक्षेप क्रमांकावर तितकासा नाही, तो एकाच आकड्यात सगळं कोंबण्यावर आहे. धनुर्विद्येबद्दल कन्फ्यूशियस आणखी एक गोष्ट म्हणतो : बाणाने कातडं भेदलं की नाही याला महत्त्व नाही, कारण सगळ्यांची ताकद सारखी नसते. म्हणजे नेम मोजा, जोर मोजू नका. प्रवेश परीक्षांत आपण काय मोजतो? बऱ्याचदा जोरच : दोन वर्षांच्या क्लासची फी, शहरातली खोली, घरात बोलली जाणारी भाषा. आणि त्याला नेम म्हणतो.

घरी नेमकं काय करता येईल?

निकालाच्या दिवशी पहिला प्रश्न बदलून बघा. 'वर्गात सगळ्यात जास्त कुणाला?' याऐवजी 'कुठला प्रश्न चुकला, बघू?' आमच्या गटातल्या एका आईने हे केलं. मुलगी संशयाने म्हणाली, 'तू ठीक आहेस ना?' तिसऱ्या चाचणीनंतर तिने स्वतःहून पेपर पुढे केला.

आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी सोनं आत ठेवा. मावशी-काकांचे फोन, नवस, 'सगळ्यांच्या नजरा तुझ्यावर आहेत' हे सगळं. रोजची भाजी, रोजची झोपायची वेळ.

कन्फ्यूशियस स्वतः या परीक्षांत पास झाला असता का?

त्याच्या मृत्यूनंतर हजार वर्षांनी त्या सुरू झाल्या, त्यामुळे सुटला. मनासारखं पद त्याला कधी टिकवता आलं नाही. चौदाएक वर्षं तो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नोकरी शोधत फिरला, वाटेत एकदा अन्नही संपलं.

तोंडी परीक्षा असती तर बहुधा नापास झाला असता. लू राज्याच्या महामंदिरात गेला तेव्हा तो प्रत्येक गोष्टीबद्दल विचारत सुटला, हे काय, ते कशासाठी. विधींचा एवढा मोठा जाणकार म्हणून नाव असलेला माणूस! कुणीतरी टोमणा मारला, 'त्या त्सोउ गावच्या माणसाच्या पोराला विधी कळतात असं कोण म्हणतं? इथे येऊन तर एकेक गोष्ट विचारतोय.' ते त्याच्या कानावर गेलं तेव्हा तो म्हणाला, 'हाच तर विधी.'